नाताळ हॉटेलात, सोबत कोणाची? अमिरातीतील क्रिकेट आणि क्रीडा-चॅप्लेनचा प्रश्न

संयुक्त अरब अमिरातीतील आयएलटी-ट्वेंटी या फ्रँचायझी स्पर्धेचे पहिले तीन हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत झाले. चौथा हंगाम मात्र २ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे अमिरातीच्या राष्ट्रीय दिनी, सुरू झाला आणि ४ जानेवारीला संपला. फेब्रुवारीतील ट्वेंटी-२० विश्वचषकाला वाट करून देण्यासाठी केलेला हा बदल वेळापत्रकाच्या दृष्टीने सयुक्तिकच होता. त्याचा एक परिणाम असा की इंग्लंड, वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका या देशांतून आलेल्या अनेक खेळाडूंचा नाताळ त्या वर्षी सराव, प्रवास आणि हॉटेल यांच्या चक्रात गेला. दिवाळीच्या दिवशी कार्यालयात बसून घरच्यांशी पडद्यावर बोलणाऱ्या परदेशस्थ मराठी माणसाला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

खेळाडूंचे मानधन मोठे असते, प्रसिद्धी अमाप असते, आणि म्हणूनच त्यांच्या एकाकीपणाविषयी सहानुभूती बाळगणे लोकांना जड जाते. तरीही प्रश्न उरतोच. महिनाभरासाठी परक्या देशात एकत्र आणलेल्या, करार संपताच विखुरल्या जाणाऱ्या या माणसांची विचारपूस कोणी करायची? पाश्चात्त्य क्रीडाविश्वाने यावर शोधलेले एक उत्तर म्हणजे क्रीडा-चॅप्लेन. सैन्य, रुग्णालय, तुरुंग किंवा बंदर अशा ठिकाणी तेथील माणसांच्या सोबतीसाठी नेमलेला ख्रिस्ती धर्मसेवक म्हणजे चॅप्लेन. खेळाच्या मैदानावर त्याचे काम काय, त्याने आपला मोजका वेळ कोणाला द्यावा आणि अमिरातीसारख्या मुस्लिम राष्ट्रात या कामाला जागा आहे का, हे प्रश्न वरकरणी एका छोट्या वर्तुळाचे वाटतात. वस्तुतः त्यांचा संबंध धर्म आणि सार्वजनिक जीवन यांच्या सीमारेषेशी आहे, आणि ती रेषा अलीकडे मुंबईतही वादाचा विषय झाली.

संस्थेची घडण

अमेरिकेत ‘बेसबॉल चॅपल’ ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली. रविवारीही सामने असल्याने खेळाडूंना चर्चला जाता येत नसे. ते चर्चला येऊ शकत नसतील, तर उपासना त्यांच्यापर्यंत न्यावी, हा तिच्यामागील साधा विचार होता. ब्रिटनमध्ये या कामाने वेगळे वळण घेतले. बॅप्टिस्ट धर्मसेवक जॉन बॉयर्स १९७७ मध्ये वॉटफर्ड या फुटबॉल क्लबचे चॅप्लेन झाले. पुढे १९९१ मध्ये त्यांनी क्रीडा-चॅप्लेनांची संघटना उभी केली आणि १९९२ पासून मँचेस्टर युनायटेडमध्ये काम पाहिले. ब्रिटनमधील बहुतेक चॅप्लेन विनावेतन काम करतात. स्वतःचे चर्च सांभाळून ते आठवड्यातील काही तास क्लबला देतात.

या परंपरेत एक सूत्र रूढ आहे. काळजी घेण्यात स्वतः पुढाकार घ्यावा, धर्माविषयी मात्र विचारले तरच बोलावे. सूत्राचा पूर्वार्ध वेळेची मागणी करतो आणि उत्तरार्ध संयमाची. चॅप्लेन क्लबमध्ये जातो तो प्रवचनासाठी नव्हे. कपडे धुणाऱ्या कर्मचाऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांशी त्याची तोंडओळख असते, आणि या तोंडओळखीचा उपयोग एखाद्या दिवशी, कोणाच्या घरी मृत्यू झाला असता किंवा एखाद्याचा करार नूतन झाला नाही तेव्हा, होतो. तो दिवस कोणता हे आधी ठाऊक नसल्याने बाकीचे सारे दिवसही द्यावे लागतात.

क्रिकेटमध्ये या कल्पनेला सुरुवातीला प्रतिकूल अनुभव आला. अँड्र्यू विंगफील्ड डिग्बी हे १९९०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड संघाचे चॅप्लेन होते. १९९४ मध्ये रे इलिंगवर्थ निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही व्यवस्था बंद केली. ज्याला असा आधार लागतो तो कसोटी क्रिकेटच्या लायकीचा नाही, असा त्यांच्या भूमिकेचा साधारण रोख होता. त्यानंतर बारा वर्षांनी, २००६ मध्ये, मार्कस ट्रेस्कोथिक हा इंग्लंडचा भरवशाचा सलामीवीर मानसिक अस्वास्थ्यामुळे एकाच वर्षात भारत आणि ऑस्ट्रेलिया असे दोन दौरे अर्धवट सोडून परतला. चॅप्लेन असता तर हे टळले असते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु आधाराची गरज असणे आणि खेळाची योग्यता नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्या प्रसंगाने निर्विवाद दाखवले.

अमिरातीची विशेष परिस्थिती

अमिरातीतील क्रिकेटचा इतिहास स्थलांतरितांचा आहे. शारजात १९८१ मध्ये गावसकर एकादश आणि मियाँदाद एकादश यांच्यात सामना झाला. १९८४ मध्ये पहिला आशिया चषक तेथेच खेळला गेला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००५ मध्ये लॉर्ड्सहून आपले मुख्यालय दुबईला हलवले. या देशाचा राष्ट्रीय संघही दीर्घकाळ नोकरदारांचा होता. २०१५च्या विश्वचषकात अमिरातीकडून खेळलेला यष्टिरक्षक स्वप्निल पाटील मूळचा वसईचा, आणि त्याच संघातील खुर्रम खान एमिरेट्स विमानकंपनीत पर्सर होता. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव आणि उरलेल्या वेळात कुटुंब, ही त्या पिढीची दिनचर्या होती.

आता चित्र पालटले आहे. कोविडकाळात, १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या अवधीत, संपूर्ण आयपीएल अमिरातीत खेळवली गेली. जैवसुरक्षा कवचात राहिलेल्या खेळाडूंनी मैदान आणि हॉटेलची खोली यांपलीकडे दुबई जवळजवळ पाहिलीच नाही. पुढे २०२२च्या आशिया चषकाच्या वेळी विराट कोहलीने दुबईत मोकळेपणाने सांगितले की महिनाभर आपण बॅटला हात लावला नव्हता, आणि अंगात नसलेला आवेश आपण उसना आणत होतो. त्याच स्पर्धेत त्याने जवळपास तीन वर्षांनंतर आंतरराष्ट्रीय शतक केले. ते शतक सर्वांच्या लक्षात राहिले. त्याआधीचे ते कथन अधिक मोलाचे होते, कारण थकव्याची कबुली देणे ही दुर्बलता नाही, हे देशातील सर्वांत आक्रमक समजल्या जाणाऱ्या खेळाडूने सांगितले होते.

धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत अमिरातीची भूमिका अनेकांना वाटते त्याहून सूक्ष्म आहे. अबुधाबीतील सेंट जोसेफ चर्च १९६५चे आणि दुबईतील सेंट मेरीज १९६७चे. म्हणजे १९७१ मध्ये हे राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वीच, तेथील शेखांनी दिलेल्या जमिनींवर ती उभी राहिली. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबुधाबीत जाहीर मिस्सा अर्पण केला तोही झायेद स्पोर्ट्स सिटीच्या स्टेडियममध्ये. लाखाहून अधिक भाविकांच्या त्या समुदायात भारतीय आणि फिलिपिनो श्रमिक मोठ्या संख्येने होते. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी अबुधाबीतील बीएपीएस स्वामिनारायण मंदिराचे उद्घाटन झाले. बिगर-मुस्लिम प्रार्थनास्थळांच्या नोंदणीचे नियमन करणारा संघीय कायदा २०२३चा आहे. उपासनेला नेमलेल्या जागी मोकळीक आणि मुस्लिमांमध्ये अन्य धर्माच्या प्रचाराला सक्त मनाई, असे या व्यवस्थेचे दोन खांब आहेत.

कालगणनेचाही येथे संबंध येतो. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीने शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी स्वीकारली. तोपर्यंत शुक्रवार हा सुट्टीचा दिवस असल्याने चर्चमधील मुख्य गर्दीही शुक्रवारीच होत असे. आता रविवार मोकळा झाला. मात्र सुट्टीचा दिवस हाच क्रिकेटच्या प्रेक्षकांचाही दिवस असतो. त्यामुळे खेळाडूच्या वाट्याला रविवारची उपासना येणे पूर्वीइतकेच दुर्घट राहिले.

या पार्श्वभूमीवर क्रीडा-चॅप्लेनचे ब्रिटनमधील ते सूत्र अमिरातीच्या कायद्याशी चांगलेच जुळते. विचारल्याविना धर्म बोलायचा नाही हे बंधन चॅप्लेनसीने स्वतःच घालून घेतलेले आहे. शिवाय या देशात अशा कामाचा नमुनाही आहे. ‘मिशन टू सीफेअरर्स’ ही अँग्लिकन परंपरेतील संस्था अमिरातीच्या बंदरांत खलाशांची विचारपूस करते. २०२१च्या जानेवारीत एमटी इबा हे मालकाने वाऱ्यावर सोडलेले तेलवाहू जहाज उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील भारतीय, पाकिस्तानी व म्यानमारच्या खलाशांचे पगार अडीच वर्षांहून अधिक काळ थकले होते. त्यांची बाकी मिळवून त्यांना घरी धाडण्याच्या वाटाघाटींत या संस्थेच्या चॅप्लेनांचा मोठा वाटा होता. तेथे कोणाचा धर्म विचारला गेला नाही. कोकण किनाऱ्यावरील कितीतरी घरांतली माणसे समुद्रावर असतात. त्या घरांना अशा सोबतीचे मोल वेगळे सांगायला नको.

मुंबईचा आरसा

मराठी वाचकाला या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण मात्र नवी मुंबईत सापडते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान भारताने पेलले, ते जेमिमा रॉड्रिग्ज यांच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर. सामन्यानंतर त्यांनी येशूचे आभार मानले. त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. स्पर्धेच्या आरंभी त्या अस्वस्थतेने ग्रासलेल्या होत्या, आईला दूरध्वनी करून रडत होत्या, आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्यांना वगळण्यात आले होते. त्या काळात अरुंधती रेड्डी जवळजवळ रोज त्यांच्यापाशी बसत असे. सांगलीच्या स्मृती मानधना सरावाच्या वेळी काही न बोलता नुसत्या येऊन उभ्या राहत, कारण आपले तिथे असणे मैत्रिणीला बरे वाटते हे त्यांना ठाऊक होते.

चॅप्लेनसीच्या पाठ्यक्रमात जे शिकवायचे असते ते सारे या वागण्यात आले. पुढे महिन्याभरात याची परतफेडही झाली. मानधना यांच्या घरी सांगलीत अडचणीचा प्रसंग उद्भवला तेव्हा रॉड्रिग्ज यांनी ऑस्ट्रेलियातील बिग बॅश स्पर्धेचे आपले उरलेले सामने सोडून मैत्रिणीजवळ राहणे पसंत केले, आणि ब्रिस्बेन हीट या त्यांच्या संघानेही त्यांना मोकळीक दिली. वेळ आणि नाती यांतला अग्रक्रम ठरवणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण व्यावसायिक खेळात क्वचितच पाहायला मिळते.

तथापि याच कथेला दुसरी बाजू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतील खार जिमखान्याने रॉड्रिग्ज यांचे मानद सदस्यत्व रद्द केले. त्यांच्या वडिलांनी जिमखान्याच्या जागेत धार्मिक मेळावे घेतले, अशी काही सदस्यांची तक्रार होती. वडिलांनी धर्मांतराचे आरोप साफ नाकारले, आणि जागेचा वापर नियमानुसारच झाल्याचे सांगितले. या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु क्रीडासंस्थेच्या आवारात धर्म आला की संशय किती चटकन जागा होतो, आणि त्याचा भार वडिलांपुरता न राहता मुलीच्या सदस्यत्वावर कसा येतो, हे त्यातून दिसले. चॅप्लेनसीचा पुरस्कार करणाऱ्याला या संशयाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

मुंबईच्या मैदानांना धर्माचे ओझे ठाऊक आहे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘दि रेस्ट’ अशा धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा तेथे १९४६ पर्यंत चालली, आणि तिच्यावर गांधीजींनी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. सांगलीत जन्मलेले, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील विजय हजारे त्यात ‘दि रेस्ट’कडून खेळत. १९४३च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. तेच हजारे १९५२ मध्ये मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधार होते. ‘उरलेल्यां’च्या संघातून सर्वांच्या संघाच्या नेतृत्वापर्यंतचा हा प्रवास भारतीय क्रिकेटचे मोठे संचित आहे. चॅप्लेनसीमुळे ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा धर्मवार कोपरे पडणार असतील, तर ती नसलेली बरी.

वेळ कोणाला द्यावा?

यावर असाही आक्षेप येतो की संघासोबत आता मानसशास्त्रज्ञ असतात, मग धर्मसेवक कशाला? भारतीय महिला संघाला डॉ. मुग्धा बावरे यांच्यासारख्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञांचा लाभ झाला आहे, आणि पुरुष संघासोबत पॅडी अप्टन यांनी २०११च्या विश्वचषकापर्यंत काम केले. हे शास्त्र आवश्यकच आहे. नैराश्याने ग्रस्त खेळाडूला प्रार्थनेवर सोडणे हा गुन्हा ठरेल, आणि आपली मर्यादा ओळखून त्याला तज्ज्ञाकडे पाठवणे हे चॅप्लेनचे पहिले कर्तव्य आहे. परंतु मानसशास्त्रज्ञ मंडळाने नेमलेला असतो, आणि त्याच्या कामाचा अंतिम हेतू कामगिरी सुधारणे हा असतो. ज्याच्या कामगिरीशी आता कोणालाच कर्तव्य उरलेले नाही, त्या खेळाडूची जबाबदारी कोणाची?

विश्वविजेत्या महिला संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो होता. पुढे मुंबईसाठी धावांच्या राशी रचूनही भारताची टोपी त्यांना मिळाली नाही. क्रिकेट हा बहुतांशी वाट पाहण्याचा खेळ आहे, आणि वाट पाहणाऱ्याजवळ बसायला सहसा कोणी नसते.

अग्रक्रमाचा निर्णय येथूनच व्हायला हवा. फुटबॉल क्लबच्या चॅप्लेनला वर्षे मिळतात, फ्रँचायझीच्या चॅप्लेनला जेमतेम महिना. या महिन्यात प्रत्येक खेळाडूला सारखा वेळ वाटण्याचा प्रयत्न केला तर कोणालाच काही मिळणार नाही. म्हणून पहिला वेळ अकरांत नसलेल्यांचा, म्हणजे वगळलेला, जायबंदी झालेला, प्रथमच घराबाहेर पडलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा यांचा. दुसरा वेळ नेटमध्ये गोलंदाजी करणारे, खेळपट्टी सांभाळणारे, सामानाची ने-आण करणारे यांचा. अमिरातीत ही माणसे बहुधा आपल्याच उपखंडातून आलेली असतात, आणि त्यांची घरवापसी खेळाडूंपेक्षा कितीतरी लांबलेली असते. तारांकित खेळाडूला भेटायला सारेच उत्सुक असतात. चॅप्लेनने त्या गर्दीत भर घालू नये. त्याच्यासोबतचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ते छायाचित्र पाहिल्यावर दुसरा खेळाडू आपले दुःख त्याच्यापाशी उघड करणार नाही.

नात्यांचा दुसरा प्रश्न सातत्याचा आहे. स्पर्धा संपली की चॅप्लेन आणि खेळाडू दोघेही निघून जातात. यावर उपाय असा की हे काम पाहुण्या धर्मगुरूऐवजी स्थानिक चर्चमधील, वर्षानुवर्षे अमिरातीत राहिलेल्या व्यक्तीकडे असावे. म्हणजे पुढच्या हंगामात परत येणाऱ्या खेळाडूला ओळखीचा चेहरा दिसेल. आणि मुस्लिम, हिंदू अथवा शीख खेळाडूने आपल्या धर्माचा माणूस मागितला, तर त्याची गाठ घालून देणे हेही त्या चॅप्लेनचेच काम मानावे. निवड समिती, प्रशिक्षक आणि मालक यांच्यापर्यंत त्याच्या कानावरचे एक अक्षरही जाता कामा नये, ही अट करारातच लिहिली पाहिजे.

शेवटचा अग्रक्रम स्वतः चॅप्लेनच्या घराचा. इतरांच्या कुटुंबांची काळजी वाहणाऱ्याचे स्वतःचे कुटुंब उपेक्षित राहणे ही या व्यवसायातील जुनी व्यथा आहे. डॉक्टर, समाजसेवक, पत्रकार यांच्या घरांनाही ती परिचित आहे. सेवेचे कारण पुढे केले की अनुपस्थितीला कोणी जाब विचारू शकत नाही, आणि म्हणूनच ते कारण धोक्याचे. सामन्यांच्या हंगामात महिनाभर घराबाहेर राहणाऱ्या चॅप्लेनने पुढचे काही आठवडे कोणाचेही आमंत्रण स्वीकारू नये, असा नियम त्याला नेमणाऱ्या चर्चनेच घालून द्यावा.

फ्रँचायझी क्रिकेटचा पसारा वाढतच जाणार. अमिरातीतील स्पर्धांचे आयोजक खेळाडूंसाठी फिजिओ, आहारतज्ज्ञ, माहितीविश्लेषक यांची तरतूद करतात. वरील मर्यादा मान्य असतील, तर त्यांनी सोबत करणाऱ्या एका माणसासाठीही दार उघडावे. ते दार उघडण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे काम मात्र येथील आपल्या मंडळींसमोर आताच आहे. दुबई-शारजाच्या संध्याकाळच्या लीगमध्ये आपल्यातले अनेकजण खेळतात. त्या संघांतून एखादा खेळाडू दोन-तीन आठवडे न सांगता दिसेनासा होतो. त्याची नोकरी गेलेली असते, व्हिसाची मुदत संपत आलेली असते, किंवा गावी कोणी आजारी असते. संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याच्या जागी दुसरा खेळाडू मागण्यापूर्वी कोणीतरी त्याला दूरध्वनी करावा, आणि जमल्यास त्याच्या घरी जाऊन यावे.